चार मोसंबी आणि साडेसतरा अंशांची भानगड

प्रकरण एवढंसं आहे. तीन मोसंबी खाली एकमेकींना टेकवून ठेवलेल्या आणि चौथी त्यांच्या मधल्या खळग्यात वर बसवलेली, बास. फळांच्या गाडीवर हे रोज दिसतं आणि कोणी ढुंकूनही बघत नाही, मीही बघत नव्हतो, पण भाचा बारावीला आहे, जेईईचं चालूये त्याचं, आणि रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी जरा आडवा होणार तेवढ्यात त्याने वही पुढे सरकवली. "मामा, हे बघ ना, उत्तर जुळत नाहीये."

गणित असं होतं: चार सारखे गोळे, तीन टेबलावर, एक वर. ढीग कोसळू नये म्हणून गोळ्या-गोळ्यामधला घर्षण गुणांक (घर्षण जास्तीत जास्त दाबाच्या किती पट होऊ शकतं तो आकडा) कमीत कमी किती हवा, आणि टेबलाशी किती हवा. पुस्तकामागे उत्तर होतं √३ − √२, म्हणजे ०.३१८. याचं आलं होतं ०.२६८. वहीत त्याने शेजारी बारीक अक्षरात लिहूनही टाकलं होतं, "छपाईची चूक".

मी वही बघितली आणि दोन मिनिटांत कळलं की मुलगा हुशार आहे, समीकरणं सगळी बरोबर आहेत, फक्त त्याने सोडवलेलं गणित वेगळंच आहे. त्याने कागदावर तीन वर्तुळं काढली होती, दोन खाली आणि एक वर, केंद्रं जोडून समभुज त्रिकोण, वरच्या केंद्रातून खाली जाणाऱ्या उभ्या रेषेशी कोन ३० अंश, आणि तिथून पुढे सगळं सरळ. ते उत्तर बरोबर आहे, पण ते तीन पाइपांचं आहे. पाण्याचे पीव्हीसी पाइप एकावर एक रचतात ना, दोन खाली एक वर, त्याचं. गोळ्यांचं नाही. कागद सपाट असतो आणि गोळे सपाट नसतात, हे सगळ्यांना माहीत असतं तरी कागदावर आकृती काढली की विसरायला होतं, मलाही झालंय.

म्हणून मी वही मिटली आणि स्वयंपाकघरातून चार मोसंबी आणल्या. शिकवायची हौस म्हणा किंवा झोप गेलीच होती म्हणा.

पहिलं काम म्हणजे गोळे विसरायचे आणि फक्त केंद्रं बघायची. दोन गोळे टेकतात तेव्हा टेकण्याची जागा दोन्ही केंद्रांना जोडणाऱ्या रेषेवरच असते, दुसरीकडे कुठे असूच शकत नाही, आणि ते अंतर म्हणजे दोन त्रिज्यांची बेरीज. आमची मोसंबी साधारण ७ सेंमी व्यासाची होती, म्हणजे कुठल्याही दोन टेकलेल्या केंद्रांत ७ सेंमी. चार केंद्रं, सहा जोड्या, सहाही जोड्या टेकलेल्या, म्हणजे सहाही कडा ७ सेंमीच्या, चार समभुज त्रिकोणांचा छोटा पिरॅमिड. याला नियमित चतुष्फलक म्हणतात पण शब्दाला घाबरायचं कारण नाही, माचिसच्या सहा काड्यांनी करता येतो तोच.

आता वरच्या केंद्रातून ओळंबा सोडा. तो खालच्या त्रिकोणाच्या बरोबर मध्यात पडतो, आणि तिथून प्रत्येक खालच्या केंद्राचं अंतर ७ भागिले √३, म्हणजे ४.०४ सेंमी. मग पायथागोरस लावून उंची ५.७२ सेंमी. हे तीन आकडे लक्षात ठेवा, ७, ५.७२ आणि ४.०४, कारण पुढचं जवळजवळ सगळं यांच्यातच आहे. कडेचा उभ्याशी कोन निघतो ३५.२६ अंश, ३० नाही. भाच्याने फूटपट्टीने अख्ख्या ढिगाची उंची मोजून बघितली, हिशोबाने १२.७ यायला हवी, साडेबाराच्या आसपास भरली, मोसंबी काही बॉल बेअरिंगमधली गोळी नसते त्यामुळे एवढं चालायचंच.

बरं, आता बल. आधी सोपी केस घेऊ, समजा घर्षण अजिबात नाही आणि खालच्या तिघी पसरू नयेत म्हणून त्यांच्याभोवती सुतळी बांधलीये, पोटाशी, केंद्रांच्या उंचीवर. गुळगुळीत असताना टेकण्याच्या जागी ढकलणं फक्त केंद्ररेषेतच होतं. वरच्या मोसंबीचं वजन तिघी समान वाटून घेतात, प्रत्येकीने उभ्या दिशेत एक तृतीयांश उचलायचं. आणि इथे मजा आहे, बलाचा त्रिकोण आणि केंद्रांचा त्रिकोण एकाच आकाराचे आहेत. केंद्रांच्या त्रिकोणात उंची ५.७२, तिरपी कड ७, आडवी बाजू ४.०४. बलाच्या त्रिकोणात उंचीच्या जागी वजनाचा तिसरा हिस्सा बसवला की बाकीच्या दोन बाजू नुसत्या त्रैराशिकाने मिळतात. तिरपं ढकलणं म्हणजे वजन भागिले ३ गुणिले ७ भागिले ५.७२, आलं वजनाच्या ०.४०८ पट. आडवं बाहेर ढकलणं वजन भागिले ३ गुणिले ४.०४ भागिले ५.७२, म्हणजे ०.२३६ पट. साइन नाही, कॉस नाही, फूटपट्टी पुरते.

लांबीच्या गुणोत्तरातून बलाचं गुणोत्तर काढायची ही युक्ती जुनी आहे आणि गंमत म्हणजे तिच्या सगळ्यात प्रसिद्ध चित्रातही गोळेच आहेत. सायमन स्टेव्हिन नावाचा फ्लेमिश माणूस, १५८६ मध्ये त्याने पुस्तकात चित्र छापलं, एक त्रिकोणी ठोकळा, एक उतार दुसऱ्याच्या दुप्पट लांब, आणि त्याच्याभोवती १४ गोळ्यांची माळ, लांब उतारावर ४, आखूडवर २, बाकीचे ८ खाली लोंबकळणारे. माळ आपोआप फिरत राहणार नाही हे उघड आहे, खालचे ८ दोन्ही बाजूंना सारखेच ओढतात, म्हणजे वरचे ४ आणि २ एकमेकांना तोलतात. झालं, उताराचा नियम सिद्ध, एकही समीकरण नाही. मला हे चित्र फार आवडतं आणि संधी मिळाली की मी ते कोणालाही सांगतो, भाच्याने तोंड वाकडं केलं तरी.

सुतळीचा ताण राहिलाच. सुतळी प्रत्येक मोसंबीला वळसा घालते, दोन्ही बाजूंचे दोर आपसात ६० अंश करतात, दोघांचा मिळून आतला ओढा ताणाच्या √३ पट. तो ०.२३६ एवढा हवा, म्हणून ताण ०.१३६ पट वजन. २०० ग्रॅमची मोसंबी असेल तर २७ ग्रॅम टांगल्याएवढा. साधा शिवणदोराही हे सहज पेलेल.

आता खरं प्रकरण, सुतळी नाही, घर्षण आहे. इथे भाच्याने दुसरी चूक केली आणि ही चूक पहिलीपेक्षा जास्त शिकवणारी आहे. कोन दुरुस्त करून झाल्यावर तो म्हणाला, "मग ढकलणं ०.४०८ आलंच की, आडवं ०.२३६, ते टेबलाच्या घर्षणाने धरायचं, टेबलाची नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागाला काटकोनात दाबणारं बल, चार तृतीयांश, भागाकार केला की ०.१७७, झालं." झालं नाही. म्हटलं अरे, हे खालच्या मोसंबीला बाहेर सरकू देणार नाही, पण तिला लोळण्यापासून कोण अडवतंय? टेबल तळाशी आतल्या बाजूला ओढतंय, आणि वरून जे ढकलणं येतंय ते केंद्रातून जातंय, म्हणजे फिरवण्याच्या बाबतीत त्याचा काही उपयोग नाही. टेबलाचा ओढा एकटाच उरला, तो मोसंबीला गरागरा बाहेर लोळवणार. सरकण्याचा हिशोब केला आणि लोळण्याचा केलाच नाही. गोल वस्तूच्या गणितात मुलं नव्वद टक्के वेळा इथेच मार खातात, आकडा माझा अंदाजाचा आहे पण उगाच नाही.

मग टॉर्कचं, म्हणजे बलाच्या फिरवण्याच्या परिणामाचं, समीकरण लिही असं मी सांगू शकलो असतो, आणि ते लिहिलं की उत्तर येतंच. पण त्यापेक्षा एक सुंदर वाट आहे. खालची एकच मोसंबी वेगळी काढून बघा. तिच्यावर कोण कोण आहे? तिचं स्वतःचं वजन, ते केंद्रातून सरळ खाली, म्हणजे ती रेषा टेबलाला टेकलेल्या बिंदूतूनच जाते. दुसरं टेबलाचं बल, नॉर्मल आणि घर्षण मिळून जे काय असेल ते, पण लागतंय त्याच बिंदूला. तिसरं वरच्या मोसंबीचं ढकलणं. शेजारणींचं ढकलणं सध्या शून्य धरू, का ते पुढे सांगतो. तीन बलांपैकी दोन एकाच बिंदूतून जात असतील तर तिसऱ्यालाही तिथूनच जावं लागतं, नाहीतर त्या बिंदूभोवती मोसंबी फिरेल. म्हणजे वरच्या टेकणीपासून टेबलाच्या टेकणीपर्यंत सरळ रेघ मारा, वरच्या मोसंबीचं वजन त्याच रेघेतून खाली येतंय. दुसरा रस्ताच नाही त्याला.

भाचा जरा गप्प झाला, मग म्हणाला, "म्हणजे बल केंद्रातून जातच नाही?" नाही जात. केंद्राच्या आतल्या बाजूने जातं. आपण लहानपणापासून नॉर्मल, नॉर्मल घोकून गोळ्याचं बल केंद्रातून काढायला इतके सरावतो की ते न जाणं पचत नाही.

आता या रेघेचा कोन. केंद्र, वरची टेकणी, खालची टेकणी, हा त्रिकोण बघा. दोन बाजू त्रिज्या आहेत, म्हणजे समद्विभुज, म्हणजे पायाचे कोन सारखे. केंद्राजवळचा कोन १८० वजा ३५.२६, मग उरलेल्या दोघांच्या वाट्याला ३५.२६ चा निम्मा निम्मा, १७.६३ अंश. शाळेतली आठवी-नववीची भूमिती, आणि तिच्यातच सगळं उत्तर बसलंय. वरच्या टेकणीपाशी बल नॉर्मलपासून १७.६३ अंश कललेलं आहे, म्हणजे घर्षण गुणांक निदान टॅन १७.६३ हवा, तो ०.३१८, आणि नीट मांडलं की बरोबर √३ − √२. छपाईची चूक नव्हती.

आणि पायाचे कोन सारखे असल्याचा एक बोनस आहे जो समीकरणं सोडवून सहसा दिसत नाही. हेच बल उभ्याशीही १७.६३ अंश कललेलं आहे आणि नॉर्मलशीही तेवढंच. म्हणून त्याचा उभा हिस्सा आणि नॉर्मलचा हिस्सा सारखे. उभा हिस्सा वजनाचा एक तृतीयांश हे ठरलेलं आहे, तेव्हा नॉर्मलही बरोबर एक तृतीयांश. ०.४०८ वरून ०.३३३ वर आली, घर्षणाने तेवढा भार हलका केला. घर्षण ०.१०६ पट. २०० ग्रॅमच्या मोसंबीचे आकडे हवे असतील तर प्रत्येक टेकणीत ६७ ग्रॅम वजनाएवढं दाबणं आणि २१ ग्रॅमएवढं घासणं.

टेबलाकडे बघा आता. आडवं तेवढंच, ०.१०६. पण उभं स्वतःचं अख्खं वजन अधिक वरचीचा तिसरा हिस्सा, १.३३३. भागाकार ०.०७९५, म्हणजे वरच्या गरजेच्या बरोबर चौथा हिस्सा. टेबल फार कमी मागतंय, मोसंबी एकमेकींकडे फार जास्त मागतायत. हा फरक इतका मोठा आहे की ढीग कोसळला की आपण "टेबल गुळगुळीत होतं" म्हणतो ते बहुतेक वेळा चुकीचं असतं, घसरगुंडी वर झालेली असते.

घरी तपासायचं तर फळीवर. ३० सेंमी लांब फळीचं एक टोक ९.१ सेंमी उचललं की उतार साडेसतराच्या जरा पुढे जातो. एका फळाची साल फळीला चिकटवून त्यावर दुसरीचा तुकडा ठेवायचा, तुकडा तिथवर टिकला तर ढीग टिकेल. टेबलासाठी तीच फळी नुसती २.४ सेंमी उचलून पुरतं. गोल वस्तू तशीच ठेवली तर लोळते, म्हणून गोट्यांसाठी तीन गोट्या एका पुठ्ठ्याला चिकटवून तिपाई करायची आणि काचेच्या उतारावर ठेवायची.

आम्ही मग हात धुऊन मागेच लागलो. मोसंबी उभ्या राहिल्या, आरामात. टेनिस बॉल तर राहणारच, त्यांची लव एकमेकींत अडकते. काचेच्या गोट्या सनमायकाच्या टेबलावर एकदाही राहिल्या नाहीत, हात काढला की तिघी तीन दिशांना, एक फ्रिजखाली गेली ती अजून तिथेच आहे. गोटीचं वजन कमी म्हणून असं होतं का, असं बहिणीने मध्येच विचारलं, तर नाही, वजन या हिशोबात कुठे उरतच नाही. २.७ ग्रॅमचा टेबल टेनिसचा बॉल असो नाहीतर तोफेचा लोखंडी गोळा, चारही सारखे असतील तर कोन तोच, १७.६३. गोटी हरते ती तुळतुळीतपणामुळे.

पण मग त्याच गोट्या भाच्याने जाडजूड टॉवेलवर ठेवल्या आणि त्या राहिल्या! पठ्ठ्या एकदम खूश, "मामा, तुझा हिशोब गेला." क्षणभर मीही अडखळलो, कारण माझ्या हिशोबाप्रमाणे टॉवेल कितीही खरखरीत असला तरी काही उपयोग नाही, गोटी-गोटीतलं घर्षण कमी आहे तर खालच्या गोट्या टॉवेलवर न सरकता नुसत्या लोळत बाहेर जायला हव्या. उत्तर परत भूमितीतच सापडलं. टॉवेल दबतो. गोटी टॉवेलला एका बिंदूत टेकत नाही, एका बारीकशा वाटीत बसते, आणि बाहेर लोळायला लागली की वाटीची बाहेरची कड तिला धरते. म्हणजे टेबलाचं बल लागण्याची जागा तळाच्या बिंदूवरून थोडी बाहेर सरकते, आणि आपला अख्खा युक्तिवाद त्या एका बिंदूवर उभा होता.

किती सरकायला हवी? अगदी टोकाची केस घेऊ, गोट्यांमध्ये घर्षण शून्य. मग वरचं ढकलणं केंद्रातून, वजन केंद्रातून, तेव्हा खालचं बलही केंद्रातूनच जायला हवं. त्याचा आडवा हिस्सा ०.२३६, उभा १.३३३, म्हणजे उभ्याशी कोन १० अंश. वाटीची कड तळापासून १० अंशांपर्यंत वर आली की काम झालं. १६ मिमीच्या गोटीला हे म्हणजे बाजूला १.४ मिमी, आणि खोली बघा, फक्त ०.१२ मिमी. वाटीत दाब सगळीकडे पसरतो म्हणून प्रत्यक्षात थोडी जास्त खोल लागेल, पण तरी काही नाहीच ते. कागदाच्या जाडीएवढा खळगा झाला की घर्षणाची गरज संपते. टॉवेलमध्ये तर ती त्याच्या दसपट रुतते.

तेव्हा कुठे मला फळवाल्यांचं गोणपाट कळलं. इतकी वर्षं मला वाटायचं गोणपाट खरखरीत म्हणून घालतात, सरकू नये म्हणून, आणि विचारलं तर तेही हेच सांगतात, "सरकत नाय त्याच्यावर." पण ०.०८ एवढं घर्षण तर नुसत्या लाकडी फळीवरही मिळतं. गोणपाटाचं, पेंढ्याचं खरं काम मऊ असणं हे आहे, मोसंबीला अर्धा-पाऊण मिमी रुतू देणं. बायका डोक्यावर हंड्याखाली चुंबळ घेतात त्यातलाच हा प्रकार, चुंबळ काही खरखरीत म्हणून घेत नाहीत, गोल बुडाला एका बिंदूऐवजी कड मिळावी म्हणून घेतात. फळवाला प्रत्येक फळाखाली एक एक अदृश्य चुंबळ ठेवतो असं समजा.

आता मघाशी बाजूला ठेवलेली गोष्ट, खालच्या तिघी एकमेकींना ढकलतात त्याचं काय. वरची तिघींना बाहेर लोटते, म्हणून त्या आपसात नुसत्या टेकलेल्या असतात, दाब नसतो, शून्य धरणं रास्त आहे. पण समजा ढीग रचताना तुम्ही त्यांना जोर लावून आवळलं आणि तो दाब तसाच अडकून राहिला, तर? तर तो दाबही बाहेरच ढकलणार, आणि घर्षण जास्त लागणार, कमी नाही. म्हणजे शून्य ही ढिगासाठी सगळ्यात सोयीची स्थिती आहे आणि "कमीत कमी किती" या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळतं. पुस्तकात हे एका ओळीत "स्पष्ट आहे" म्हणून उडवलेलं असतं. स्पष्ट वगैरे काही नाहीये, थांबून विचार करावा लागतो.

भाचा तापलेला होता, म्हणून थोडे फाटे फोडले. वरचा गोळा जड केला तर? आकार तोच, वजन दहापट. वरच्या टेकणीतला कोन आकारावर ठरतो, तो हलत नाही, १७.६३ च. टेबलाची गरज मात्र वाढते, कारण आता स्वतःच्या वजनाचा आधार तुलनेने कमी. वजन वाढवत नेलं तर ती ०.०७९५ वरून चढत चढत ०.३१८ च्या जवळ जाते पण कधी पोचत नाही. म्हणजे काहीही करा, टेबल कायम गोळ्यांपेक्षा कमीच मागणार.

आकार बदलला तर गंमत उलटी. माझा अंदाज विचारला असता तर मी म्हणालो असतो की मोठ्यांवर लहान ठेवणं सोपं, देवळाच्या कळसासारखं. चूक. वरचा गोळा निम्म्या त्रिज्येचा घेतला तर तो खळग्यात खोल जातो, कडेचा उभ्याशी कोन ५० अंशांवर जातो, आणि घर्षण गुणांक ०.४७ लागतो. पाचरीसारखं काम करतो तो. उलट वरचा दुप्पट त्रिज्येचा असेल तर कोन २२.६, त्याचा निम्मा ११.३, गुणांक फक्त ०.२०. तीन लिंबांवर एक मोठं मोसंबं ठेवून बघा, आणि मग तीन मोसंबींवर एक लिंबू. आमच्याकडे पहिलं एका झटक्यात राहिलं. दुसऱ्यात लिंबू आत जाऊन बसलं आणि तिघींना हळूच बाजूला सारून खाली टेकलं.

खाली चौकोनात चार आणि वर एक, हेही करून झालं. तिथे केंद्रांचा पिरॅमिड चौकोनी पायाचा, कडेचा कोन ४५, निम्मा साडेबावीस, गुणांक ०.४१४. तीनवर एक यापेक्षा अवघड. शिवाय चौकोनाला दुसरा एक रोग आहे, तो तिरका होऊन शंकरपाळ्यासारखा होतो आणि वरची आत कोसळते, त्रिकोणाला तो रोग नाही. मिठाईवाले लाडू चौकोनी रचतात ते चालतं कारण खोक्याच्या भिंती धरून असतात, वर लाडूही एकमेकांना चिकटतात, ती केस वेगळी.

शेवटी त्याने विचारलंच, आणि मी वाटच बघत होतो, "मग गाडीवरचा मोठा ढीग? त्यात प्रत्येक टेकणीत किती बल?" चार थरांचा घेऊ, १, ३, ६, १०, एकूण २०. ही बेरीज करायचं सूत्र आर्यभटाने इ.स. ४९९ च्या आर्यभटीयात दिलंय, ओळीतल्या फळांची संख्या, तिच्यात एक मिळवून, दोन मिळवून, तिन्हींचा गुणाकार भागिले ६. चार गुणिले पाच गुणिले सहा भागिले सहा, २०. मोजणी अशी दीड हजार वर्षांपूर्वी सुटली. बलांची तशी सुटत नाही. टेकण्या मोजा, थराथरांमध्ये ३०, एकाच थरातल्या शेजारणींच्या ३०, जमिनीला १०, एकूण ७०. प्रत्येक टेकणीत बलाचे तीन घटक, २१० अज्ञात. समीकरणं प्रत्येक मोसंबीला सहा, १२० फक्त. नव्वद कमी. आपल्या चार मोसंबींतही खरं तर २७ अज्ञात आणि २४ समीकरणं होती, पण तिन्ही बाजू सारख्या म्हणून सुटलो, आणि जे उरलं होतं ते म्हणजे तो आवळून अडकलेला दाब.

मोठ्या ढिगात असे अडकलेले दाब ढिगानी असतात, कुठला थर आधी ठेवला, कुठली मोसंबी अर्धा मिमी मोठी, कुठली दाबून बसवली, यावर सगळं. दोन ढीग बाहेरून अगदी सारखे आणि आतले रस्ते वेगळे. तिथे सालीचा कडकपणा किती हे धरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि मग एकेक फळ कॉम्प्युटरवर चालवून बघावं लागतं, कंडॉल आणि स्ट्रॅक यांनी १९७९ मध्ये दाण्यांसाठी ती पद्धत मांडली आणि आज वाळू, खडी, गोळ्या-औषधं सगळ्यांना तीच वापरतात.

भाच्याने "छपाईची चूक" खोडलं. मग त्याच पानावर वीस मोसंबींचा ढीग काढायला बसला, खालून तिसऱ्या ओळीतली एक काढली तर कुठली आधी पडेल हे बघायला. मी म्हटलं ते कागदावर नाही कळायचं, आणि घरात चारच मोसंबी आहेत, त्यातली एक तुझ्या आईने एव्हाना कापलीये.